बोर्जिया घराण्यावरच्या मालिका : शत्रूंच्या कैफियतीवरून लिहिलेली पटकथा

जुनी दप्तरे

15 जुलै 1500 च्या रात्री रोममध्ये सेंट पीटर चर्चच्या पायऱ्यांवर एका विशीच्या आतल्या तरुणावर मारेकऱ्यांनी हल्ला केला. बिशेल्येचा ड्यूक अल्फोन्सो असे त्याचे नाव होते आणि तो पोप सहावा अलेक्झांडर, म्हणजे रोद्रिगो बोर्जिया, याचा जावई होता. तो वाचला. पत्नी लुक्रेत्सिया आणि बहीण सांचा या दोघींनी महिनाभर त्याची शुश्रूषा केली, आणि कोणी विष घालील या धास्तीने त्याचे अन्नही त्या स्वतःच शिजवीत असत. 18 ऑगस्टला त्या दोघी खोलीबाहेर गेल्याची संधी साधून पोपचा मुलगा आणि लुक्रेत्सियाचा भाऊ चेझारे बोर्जिया याचा विश्वासू मिगेल दे कोरेल्या याने अंथरुणातल्या अल्फोन्सोचा गळा दाबला.

नील जॉर्डन यांच्या 2011 ते 2013 या काळात प्रसारित झालेल्या ‘द बोर्जियाज’ मालिकेच्या शेवटच्या भागात मात्र जखमी नवऱ्याला यातनांतून सोडवण्यासाठी विष पाजणारी स्त्री लुक्रेत्सियाच आहे. जिने विषाच्या भीतीने चूल स्वतःच्या हातात घेतली, तिच्याच हातात पटकथेने विषाचा पेला दिला. इतिहासपटांत तारखा पुढेमागे होणारच, आणि त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. येथे झाले आहे ते निराळेच आहे, आणि त्याचा उगम कोठे आहे हे तपासावे म्हणून हा धागा काढत आहे.

लुक्रेत्सिया विषप्रयोग करते, असा आरोप तिच्या हयातीत तिच्या शत्रूंनीही गंभीरपणे केलेला नव्हता. ही प्रतिमा जनमानसात रुजवली ती व्हिक्टर ह्यूगो यांच्या 1833 मधील नाटकाने आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात आलेल्या दोनिझेत्ती यांच्या ऑपेराने. त्यानंतर पुढच्या शतकात सिनेमा आला आणि त्याने तयार माल उचलला. जर्मन इतिहासकार ग्रेगोरोव्हियस यांनी 1874 साली दप्तरांतील कागद समोर ठेवून तिची बाजू मांडली होती, परंतु पडद्यावर ऑपेराच जिंकला.

बहीणभावाच्या आणि बापलेकीच्या अनैतिक संबंधांचा आरोप मात्र समकालीन आहे, आणि म्हणूनच तो कोणी व केव्हा केला हे पाहणे महत्त्वाचे ठरते. लुक्रेत्सियाचा पहिला विवाह 1493 मध्ये पेझारोचा अधिपती जोव्हानी स्फोर्झा याच्याशी झाला. चार वर्षांत राजकारणाचे वारे फिरले, मिलानच्या स्फोर्झांशी असलेल्या सोयरिकीचा पोपला उपयोग उरला नाही, आणि विवाह रद्द करण्यासाठी वराचे पुरुषत्व नसल्याचे कारण पुढे करण्यात आले. जोव्हानीची पहिली पत्नी बाळंतपणात वारली होती, त्यामुळे हे कारण त्याला किती झोंबले असेल याची कल्पना करता येते. जून 1497 मध्ये तो मिलानला असताना, पोपने आपली बायको हिरावून घेतली ती स्वतःसाठीच, असे उद्गार त्याने काढले, आणि ते फेरार राज्याच्या वकिलाने (राजदूताने) आपल्या धन्याला लिहून कळवले. सगळ्या आरोपाचे मूळ हे असे आहे : भर दरबारात नामुष्की झालेल्या नवऱ्याचा संताप. गंमत अशी की, ज्या फेरारच्या एस्ते घराण्याला ही बातमी पोहोचली, त्याच घराण्याने चार वर्षांनी 1,00,000 डुकॅट (सोन्याची नाणी) हुंडा, चेंतो व पिएव्हे ही गावे आणि पोपला द्यावयाच्या वार्षिक खंडणीत मोठी सूट घेऊन तिला सून करून आणले.

हुआन बोर्जियाच्या खुनाची कथाही अशीच आहे. गांदियाचा ड्यूक असलेला हा पोपचा लाडका मुलगा 14 जून 1497 च्या रात्री नाहीसा झाला आणि दोन दिवसांनी टायबर नदीतून त्याचे प्रेत निघाले. अंगावर नऊ जखमा होत्या आणि पैशांच्या पिशवीतले 30 डुकॅट जसेच्या तसे होते, म्हणजे लूटमार हा हेतू नव्हता. नदीकाठी आपल्या लाकडाची राखण करीत नावेत पडलेल्या एका व्यापाऱ्याने, पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराने प्रेत आणून पाण्यात फेकायला लावल्याचे पाहिले होते. हे आधीच का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर, याच जागी मी शंभरेक प्रेते फेकलेली पाहिली आहेत आणि त्यांची चौकशी कोणी कधी केली नाही, असे उत्तर त्याने दिले. त्या काळच्या रोमवर याहून बोलका शेरा मला माहीत नाही. पोपने तपास सुरू केला आणि थोड्याच आठवड्यांत तो थांबवला. सुरुवातीचा संशय ओर्सिनी घराण्यावर आणि कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) आस्कानियो स्फोर्झावर होता. चेझारेचे नाव घेतले गेले ते सुमारे आठ महिन्यांनी, आणि तेही रोममध्ये नव्हे तर व्हेनिसमध्ये. मालिकेत मात्र चेझारे भावाला भोसकून पुलावरून खाली टाकताना आपल्याला स्पष्ट दिसतो. अनुत्तरित राहिलेला खून पडद्यावर सोडवून दाखवला की प्रेक्षकाच्या दृष्टीने तो कायमचा सुटतो.

माझे म्हणणे असे की, या मालिका कल्पनाविलास करतात हा त्यांचा खरा दोष नव्हे. त्या एका पक्षाची कैफियत निवाडा म्हणून वाचतात. 1 नोव्हेंबर 1503 रोजी बोर्जियांचा कट्टर वैरी जुलियानो देल्ला रोव्हेरे हा दुसरा ज्युलियस या नावाने पोप झाला, आणि पुढची दहा वर्षे बोर्जियांविषयी वाईट लिहिणे हेच सोयीचे होते.

तिसरी घंटा

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु नाटकाच्या बाजूने दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. रंगमंचावर किंवा पडद्यावर ‘कोणी मारले ते कळत नाही’ हे उत्तर एकदा चालते. तीन वर्षे चालणाऱ्या मालिकेत ज्याच्याभोवती सगळे कथानक फिरते त्या खुनाचे उत्तर लेखकाला द्यावेच लागते. पटकथाकाराने निवडलेले उत्तर समकालीनांपैकी काहींनी निवडलेलेच होते. हुआनच्या मृत्यूचा सर्वाधिक लाभ चेझारेला झाला, ही गोष्ट आपणही नाकारणार नाही : 17 ऑगस्ट 1498 रोजी त्याने कार्डिनलपद सोडले, आणि असे करणारा तो पहिलाच होता. भाऊ जिवंत असता तर घराण्याची तलवार त्याच्या हाती आली असती का?

शिवाय घटना एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेणे हे प्रत्येक वेळी पाप नसते. याच मालिकेत हुआन फोर्ली शहराला वेढा घालतो आणि तिथली राज्यकर्ती कातेरिना स्फोर्झा तटावर उभी राहून, मुलगा ओलीस असला तरी मला आणखी मुले होतील, असे वस्त्र उचलून बजावते. खऱ्या हुआनने फोर्लीला वेढा कधीच घातला नाही. तो प्रसंग फ्लोरेन्सचा मुत्सद्दी लेखक मॅकियाव्हेली याने सांगितला आहे तो 1488 मधला, कातेरिनाच्या नवऱ्याचा खून करणाऱ्या कटवाल्यांसमोरचा. फोर्ली जिंकली ती चेझारेने जानेवारी 1500 मध्ये, म्हणजे हुआन मरून अडीच वर्षे झाल्यावर. तरीही तीन गोष्टींची ही मोट मला खटकत नाही. खरा हुआन 1497 च्या जानेवारीत सोरियानोच्या लढाईत ओर्सिनींकडून मार खाऊन परतला होता. सेनापती म्हणून तो किती कुचकामी होता, हे सांगण्यासाठी मालिकेने रणभूमी बदलली इतकेच. कातेरिनाची जिद्द खरी आहे आणि हुआनची नालायकीही खरी आहे. मग बिघडले कुठे?

जुनी दप्तरे

तिसरी घंटा, फोर्लीच्या उदाहरणाशी मी सहमत आहे. त्या प्रसंगात माणसांचे स्वभाव शाबूत राहिले आहेत. तुमचाच निकष मात्र जोव्हानी स्फोर्झाला लावून पाहा. मालिकेत तो बायकोवर बळजबरी करणारा राक्षस आहे, आणि दुसऱ्या पर्वात चेझारे त्याला ठार मारून बहिणीचा सूड उगवतो. खरा जोव्हानी 1510 पर्यंत जगला. चेझारेने त्याच्याकडून पेझारो हिरावून घेतले होते, पण बोर्जिया कोसळल्यावर तो परत येऊन तिथे बसला, पुन्हा लग्न केले, आणि ज्याला नपुंसक ठरवले होते त्याला मुलगाही झाला. त्याने लुक्रेत्सियावर अत्याचार केल्याचा कोणताही पुरावा नाही. तो मध्यम कुवतीचा, दोन बलाढ्य घराण्यांच्या मध्ये सापडलेला आणि शेवटी सगळ्यांनी सोडून दिलेला गृहस्थ होता. त्याला खलनायक केल्यामुळे घटस्फोट हा लुक्रेत्सियाच्या सुटकेचा सोहळा होतो, आणि पोपने धर्मपीठाची यंत्रणा घरच्या राजकारणासाठी कशी वाकवली हा मूळ विषय बाजूला पडतो. येथे घटनेबरोबर तिचा अर्थही बदलला.

मिगेल दे कोरेल्याचेही तसेच झाले आहे. पडद्यावरचा मिकेलेत्तो हा अंधारातून उगवलेला भाडोत्री मारेकरी आहे. खरा कोरेल्या व्हॅलेन्सियाकडचा, चेझारेच्या सैन्यातला अधिकारी होता. बोर्जियांच्या पाडावानंतर तो कैदेत पडला, त्याचा छळ झाला, आणि पुढे 1506 मध्ये फ्लोरेन्सच्या नव्या शिबंदीचा कप्तान म्हणून त्याची नेमणूक झाली. ती नेमणूक घडवून आणण्यात मॅकियाव्हेलीचा पुढाकार होता. हा भाग एकाही पटकथाकाराला मोहात पाडत नाही, याचे मला नवल वाटते.

शंकेखोर

धागा वाचताना असे वाटू लागले आहे की, बोर्जिया हे बिचारे बदनाम केलेले सज्जन होते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊ नये म्हणून काही गोष्टी नोंदवतो.

पहिली गोष्ट रोद्रिगो पोप झाला त्या 1492 च्या निवडणुकीची. आस्कानियो स्फोर्झाच्या घरी खेचरांवर लादून चांदी गेली, हे त्या काळचा रोजनिशीकार इन्फेसूरा याने लिहिले आहे, आणि तो कोलोन्ना घराण्याचा पक्षपाती होता हे मान्य. परंतु निवडणुकीनंतर व्हाइस-चान्सलरचे पद आणि रोद्रिगोचा स्वतःचा वाडा आस्कानियोलाच मिळाला, हे कोणाच्या पक्षपातावर अवलंबून नाही. मते विकत घेतली गेली, याबद्दल शंका बाळगण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट ‘चेस्टनटच्या मेजवानी’ची. 1501 च्या ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री चेझारेच्या दालनात पन्नास गणिकांना बोलावून जमिनीवर चेस्टनट विखुरले आणि ते वेचायला लावले, ही नोंद पोपच्या समारंभप्रमुखाच्या, म्हणजे बुर्खार्डच्या रोजनिशीत आहे. हा मनुष्य किती रूक्ष होता ते त्याची रोजनिशी चाळली तरी कळते; कोणत्या मिरवणुकीत कोण कोणाच्या पुढे उभा राहिला, कोणत्या वस्त्राचा रंग चुकला, याच्या याद्याच्या याद्या तो लिहितो. अशा माणसाने एकाएकी कादंबरी रचली असे मानायचे का? फ्लोरेन्सच्या वकिलाच्या त्याच दिवसांतल्या पत्रातही पोपच्या महालात त्या रात्री गणिका आणल्या होत्या, असा उल्लेख आहे. तपशील वाढवले गेले असतील. मेजवानी मात्र झाली असावी, असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अडचणीची आहे. डिसेंबर 1497 मध्ये लुक्रेत्सिया कुमारिका असल्याचे जाहीर करून विवाह रद्द झाला. फेब्रुवारी 1498 मध्ये पोपच्या सेवेतला पेरोत्तो नावाचा तरुण टायबरमध्ये मेलेला आढळला. मार्चमध्ये पोपच्या मुलीला मूल झाल्याची बातमी फेरारला पोहोचली. पुढे 1 सप्टेंबर 1501 रोजी पोपने जोव्हानी नावाच्या एका बालकासंबंधी दोन फर्माने काढली : एकात त्याचा पिता चेझारे असल्याचे म्हटले होते, आणि गुप्त ठेवलेल्या दुसऱ्यात पिता म्हणून पोपचेच नाव होते. हे कागद शत्रूंनी लिहिलेले नाहीत. अशी दोन परस्परविरोधी फर्माने स्वतःच काढणाऱ्या घराण्याने लोक कुजबुजतात म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

जुनी दप्तरे

शंकेखोर, मी त्यांना सज्जन म्हटलेले नाही. निवडणुकीबाबत आपल्यात मतभेद नाही. मेजवानीबाबत मी तुमच्याइतका निश्चिंत नाही, कारण रोजनिशीच्या त्याच भागात बुर्खार्डने बोर्जियांविरुद्ध फिरणारे एक निनावी-वजा पत्र पूर्णच्या पूर्ण उतरवून घेतले आहे, म्हणजे त्या दिवसांत त्याच्या टेबलावर काय पडत होते याचा अंदाज येतो. तरीही फ्लोरेन्सच्या पत्राचा मुद्दा वजनदार आहे, हे खरे.

फर्मानांचे कारण अधिक साधे असावे. चर्चच्या नियमानुसार पोपला आपल्या पदावर असताना झालेल्या पुत्राला उघडपणे वारसा देणे कठीण होते, म्हणून चेझारेच्या नावाने एक कागद जगासाठी काढला आणि मुलाची जहागीर पुढे कोणी हिसकावू नये म्हणून दुसरा कागद पेटीत ठेवला. दोन्ही कागदांत आई म्हणून लुक्रेत्सियाचे नाव नाही. मूल तिचे असल्याचे अनुमान लोकांनी तारखा जुळवून काढले. ते चूकच आहे असे मी म्हणणार नाही. मात्र मालिका या मुलाला लुक्रेत्सिया आणि तबेल्यातला एक देखणा नोकर यांचे प्रेमफळ म्हणून दाखवते, तेव्हा तो नोकर कोणत्याही कागदातून आलेला नाही, एवढे तरी सांगितले पाहिजे.

मांडवीतीर

गोव्याचा असल्यामुळे मला या घराण्याकडे जरा निराळ्या बाजूने पाहायची सवय आहे, आणि ती बाजू मालिकांत जवळपास नाहीच. मे 1493 मध्ये याच सहाव्या अलेक्झांडरने आपल्या फर्मानाने अटलांटिक महासागरात अझोर्स व केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला 100 लीगांवर (लीग हे अंतराचे जुने माप) उभी रेषा आखली आणि तिच्या पलीकडचे जग स्पेनला बहाल केले. पोर्तुगालला ते मानवले नाही. 7 जून 1494 रोजी तोर्देसिल्यास येथे दोन्ही राज्यांनी परस्पर तह करून ती रेषा केप व्हर्दच्या पश्चिमेला 370 लीगांवर सरकवली, आणि पूर्वेकडचा समुद्र पोर्तुगालच्या वाट्याला आला. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, आणि 1510 च्या नोव्हेंबरात आल्बुकेर्कने गोवा दुसऱ्यांदा व कायमचा घेतला. या सगळ्याचे श्रेय किंवा अपश्रेय एका पोपला देता येणार नाही, परंतु त्याच्या सहीचे कागद आमच्या इतिहासात आहेत. पोपचा शयनकक्ष तासन्तास दाखवणाऱ्या मालिकांना त्याच्या मेजावरचा नकाशा कथानकाचा कणा करावासा वाटला नाही.

दुसरा धागा आणखी जवळचा आहे. ज्या हुआनचे प्रेत टायबरमधून निघाले, त्याला स्पेनमध्ये एक मुलगा होता. त्या मुलाचा मुलगा फ्रान्सिस्को दे बोर्जा हा गोवा पडली त्याच वर्षी, 28 ऑक्टोबर 1510 रोजी, गांदियात जन्मला. तो ड्यूक झाला, विधुर झाल्यावर त्याने जेझुइट या कॅथलिक धर्मप्रचारकांच्या संघात प्रवेश केला, आणि 1565 पासून 1572 मध्ये मरेपर्यंत तो त्या संघाचा तिसरा सर्वाधिकारी होता. म्हणजे जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजातले जेझुइट त्या सात वर्षांत रोमला ज्याच्या हुकमतीखाली होते, तो सहाव्या अलेक्झांडरचा पणतू होता. पुढे चर्चने त्याला संतपद दिले. एकाच घराण्यात दोन पोप आणि एक संत निघाला. ‘बोर्जिया’ हा शब्द पडद्यावर ज्या अर्थाने वापरला जातो त्यात हा संत कोठे बसवायचा?

काचबांगडी

पुराव्याची चर्चा चालली आहे तर चेहऱ्यांविषयीही लिहिते, कारण मालिका पाहणाऱ्यांच्या मनात या माणसांचे चेहरेच आधी बसतात.

रोद्रिगोचा चेहरा आपल्याला नक्की माहीत आहे. पिंतुरिक्योने 1492 ते 1494 या काळात व्हॅटिकनमधली बोर्जियांची दालने रंगवली, आणि तेथील पुनरुत्थानाच्या चित्रात हा पोप गुडघे टेकून बसलेला आहे : भरगच्च देह, जाड मान, बाकदार नाक, दुहेरी हनुवटी. जॉर्डन यांच्या मालिकेत ही भूमिका जेरेमी आयर्न्स यांनी केली आहे. वय अगदी बरोबर आहे, कारण रोद्रिगो पोप झाला तेव्हा 61 वर्षांचा होता. देहयष्टी मात्र पूर्ण विरुद्ध. समकालीनांनी वर्णन केलेला रोद्रिगो हा खाण्यापिण्यात फार साधा, परंतु प्रचंड कामाचा उरक असलेला, आनंदी वृत्तीचा माणूस होता. आयर्न्स यांचा पोप सतत आपल्याच विवेकाशी झगडणारा, कृश आणि चिंतामग्न दिसतो. अभिनय उत्तम आहे, माणूस दुसराच आहे. टॉम फोंताना यांच्या ‘बोर्जिया’ या युरोपात तयार झालेल्या, 2011 मध्येच सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेत जॉन डोमन यांचा पोप दांडगा आणि व्यवहारी आहे. अमेरिकी उच्चारांमुळे त्यांच्यावर टीका झाली, पण पिंतुरिक्योच्या भिंतीवरच्या माणसाच्या ते अधिक जवळ जातात.

लुक्रेत्सियाची खात्रीची प्रतिमा म्हणजे फेरारच्या काळात पाडलेली पदके. पिंतुरिक्योच्या चित्रातली संत कॅथरीन म्हणजे लुक्रेत्सिया, ही परंपरेने चालत आलेली समजूत आहे, तिला आधार नाही. मेलबर्नच्या संग्रहालयातले एक व्यक्तिचित्र दोस्सो दोस्सीने काढलेले लुक्रेत्सियाचे असल्याचे 2008 मध्ये जाहीर झाले. मिलानच्या आम्ब्रोझियाना ग्रंथालयात तिच्या सोनेरी केसांची बट आहे, आणि त्याबरोबर कवी पिएत्रो बेम्बो याला तिने लिहिलेली पत्रे. निदान केसांच्या रंगात तरी सर्व मालिका इतिहासाशी प्रामाणिक राहिल्या आहेत.

आणखी एक : वर ज्या पायऱ्यांवर अल्फोन्सोवर हल्ला झाल्याचे लिहिले आहे, त्या आज दिसणाऱ्या चर्चच्या नव्हेत. त्या काळी तेथे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातले जुने चर्च होते. नव्याची पायाभरणी 1506 मधली आणि घुमट पूर्ण झाला 1590 मध्ये. मायकेलँजेलोने सिस्टाइन चॅपेलचे छत रंगवायला सुरुवात केली तीही 1508 मध्ये. बोर्जियांचे रोम हे आपल्या डोळ्यांसमोर येणाऱ्या रोमपेक्षा बरेच कळकट आणि मध्ययुगीन होते.

नवखा वाचक

मेदिची घराण्यावर 2016 पासून आलेली इटालियन मालिका यापेक्षा विश्वसनीय आहे का? रिचर्ड मॅडन त्यात कोझिमो आहे.

जुनी दप्तरे

पहिले पर्व तरी नाही. कोझिमोचा पिता जोव्हानी याच्यावर विषप्रयोग झाला आणि मारेकरी कोण, याचा शोध हा त्या पर्वाचा गाभा आहे. जोव्हानी 1429 मध्ये म्हातारपणी आजाराने वारला होता. दुसऱ्या पर्वातला पात्सी कटाचा विषय मात्र भक्कम आहे. 26 एप्रिल 1478 रोजी फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना जुलियानो मेदिची मारला गेला आणि लोरेन्झो थोडक्यात वाचला, याला काही शोधून जोडण्याची गरजच नाही.

त्या कटाच्या पाठीमागे चौथा सिक्स्टस या पोपचा भाचा जिरोलामो रिआरियो होता, आणि त्याला इमोला व फोर्ली ही शहरे मामाच्या कृपेने मिळाली होती. तिसरी घंटा यांनी उल्लेखलेली कातेरिना ही त्याचीच पत्नी. त्याच सिक्स्टसने 1471 मध्ये कार्डिनल केलेला पुतण्या म्हणजे जुलियानो देल्ला रोव्हेरे, पुढचा दुसरा ज्युलियस, ज्याला स्वतःला फेलिचे नावाची मुलगी होती. आठव्या इनोसंटने आपल्या मुलाचे लग्न लोरेन्झो मेदिचीच्या मुलीशी लावून दिले. ज्या जुलिया फार्नेझेला सगळ्या मालिका पोपची प्रेयसी म्हणून मिरवतात, तिचा भाऊ 1534 मध्ये तिसरा पॉल झाला, आणि त्याने मिसरूडही न फुटलेल्या नातवांना कार्डिनल केले. या ओळीत बोर्जिया ठेवले की ते वेगळे दिसतात ते दोन गोष्टींत : ते स्पॅनिश, म्हणजे रोमच्या दृष्टीने उपरे होते, आणि त्यांचा बेत जवळजवळ तडीस गेला होता. एकट्या त्यांनाच राक्षस करणारी मालिका बाकीच्या घराण्यांना फुकटात निर्दोष सोडते.

तिसरी घंटा

हा मुद्दा पटला. मग चेझारेवर तुमच्या मनातली मालिका कशी असती?

जुनी दप्तरे

मी 1502 च्या उत्तरार्धावर थांबलो असतो. त्या वर्षी चेझारेच्या चाकरीत स्थापत्य आणि युद्धयंत्रांचा प्रमुख म्हणून लिओनार्दो दा विंची होता, आणि त्याने काढलेला इमोला शहराचा नकाशा आजही इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. फ्लोरेन्सचा वकील म्हणून मॅकियाव्हेली त्याच छावणीत तिष्ठत होता. डिसेंबरच्या अखेरीस चेझारेने आपलाच सुभेदार रामिरो दे लोर्का याला चेझेनाच्या चौकात दोन तुकडे करून टाकले, कारण त्याच्या जुलमाबद्दल लोक चिडले होते आणि तो जुलूम धन्याच्या हुकमाने झाला होता हे कोणाला आठवू द्यायचे नव्हते. 31 डिसेंबरला सेनिगालियात त्याने फितूर सरदारांना समेटाच्या नावाखाली बोलावले, आणि त्याच रात्री व्हितेलोत्सो व्हितेली व ओलिव्हेरोत्तो यांचे गळे आवळले. यातले काहीही अफवा नाही. बहिणीच्या दालनाबाहेर घुटमळणारा चेझारे मला या माणसापुढे फार लहान वाटतो.

शंकेखोर

पोपच्या मृत्यूचे काय? तोही विषाने, असेच मी वाचत आलो आहे.

काचबांगडी

त्याचे उत्तर मी देते. 1503 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोप आणि चेझारे कार्डिनल आद्रियानो कास्तेलेसी याच्या मळ्यात जेवायला गेले. पोप आजारी पडला 12 तारखेला आणि वारला 18 तारखेला. त्या काळी ठाऊक असलेले विष आठवडाभर स्वस्थ बसून मग चढत नसे. रोमच्या ऑगस्टमध्ये हिवतापाने दर वर्षी माणसे मरत, आणि त्याच महिन्याच्या आरंभी पोपच्या नात्यातला एक कार्डिनल तापाने गेला होता. प्रेत काळे पडून फुगले, ते शवपेटीत मावेना, हे बुर्खार्डने लिहिले आहे, आणि विषाची अफवा त्या वर्णनावर पोसली गेली. परंतु कडक उन्हाळ्यात स्थूल देहाचे तेच होते. जॉर्डन यांची मालिका फोर्लीपाशीच आटोपती घेतली गेली, त्यामुळे हा प्रसंग त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

माझी खरी तक्रार लुक्रेत्सियाच्या उरलेल्या आयुष्याबद्दल आहे. 1499 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ती स्पोलेतोची गव्हर्नर होती. 1501 मध्ये पोप दौऱ्यावर असताना व्हॅटिकनचा पत्रव्यवहार उघडण्याचा अधिकार तिच्याकडे होता. फेरारला गेल्यावर तिने सतरा वर्षे संसार आणि कारभार केला, नवरा युद्धावर असताना राज्य सांभाळले, दलदलीच्या जमिनी घेऊन त्यांचा निचरा करवला आणि त्या लागवडीखाली आणल्या. 24 जून 1519 रोजी बाळंतपणानंतरच्या तापाने ती वारली तेव्हा ती 39 वर्षांची होती. जमिनीचा निचरा पडद्यावर रंजक होणार नाही, हे मला समजते.

मांडवीतीर

काचबांगडीताई, फेरारमध्ये रंजक काही नव्हते असे मात्र नाही. लुक्रेत्सियाबरोबर तिची नात्यातली अँजेला बोर्जिया तेथे गेली होती. लुक्रेत्सियाच्या नवऱ्याचे दोन भाऊ अँजेलावर लुब्ध झाले : कार्डिनल इप्पोलितो आणि अनौरस जुलियो. जुलियोचे डोळे सुंदर आहेत असे अँजेला म्हणाली, असे सांगतात. 1505 च्या नोव्हेंबरात कार्डिनलच्या माणसांनी त्या डोळ्यांवरच घाव घातले. थोरल्या भावाने, म्हणजे ड्यूकने, कार्डिनलला पुरेशी शिक्षा केली नाही, म्हणून पुढच्या वर्षी जुलियोने फेरान्ते या आणखी एका भावाला हाताशी धरून दोघांनाही मारण्याचा कट केला. तो उघडकीस आला. फाशीच्या जागेवर नेऊन देहदंड रद्द करण्यात आला आणि दोघांना फेरारच्या किल्ल्यात कोंडले. फेरान्ते 1540 मध्ये आतच मेला. जुलियोची सुटका 1559 मध्ये, त्रेपन्न वर्षांनी झाली. एस्ते घराण्याचे दप्तर आज मोडेनाच्या अभिलेखागारात आहे.